कमनिष्टाचं भात

वाडीत बहिरू दोन होते. एक देवळामागं राहणारा, गुरवांचा. दुसरा मुंबईची गिरणी सोडून आलेला. नुसतं बहिरू म्हटलं की ऐकणारा विचारी, "कंचा?" आणि सांगणारा म्हणे, "कमनिष्ट." तेवढ्यावर भागत असे. लग्नाचं बोलावणं द्यायचं असो, चुकलेला बैल कुणाच्या रानात शिरला ते सांगायचं असो, सगळीकडं तेच नाव चाले. गिरणीतून आला त्या साली जत्रेत पारावर बसून त्यानं संपाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. लाल बावटा कसा होता, मोर्चा कसा निघाला, पोलिसांनी कसं पिटाळलं. ऐकणारे हसले, कुणीतरी म्हणालं, "म्हंजी तू कमनिष्ट झालास म्हन की," आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पोरं त्याला कमनिष्ट काका म्हणत. पाणवठ्यावर बायका त्याच्या बायकोला, गोजराबाईला, कमनिष्टीण म्हणत. तीही हसे. वाडीत कुणी तपकिऱ्या होता, कुणी तिरळ्या होता. तिला वाटे, तसंच हे.

बासष्ट साली दिवाळीच्या तोंडाला चीनची लढाई लागली. चावडीतल्या रेडिओभोवती संध्याकाळी माणसं बसू लागली. कुठली ठाणी, कुठला बर्फ, कुणाला कळत नव्हतं, पण सगळे मान खाली घालून ऐकत. वाडीतला एकच पोरगा पलटणीत होता, कुशाबाचा जयसिंग. त्याचं पत्र भादव्यात आलं होतं, मग नाही. कुशाबा रेडिओच्या अगदी जवळ, पेटीला कान लावून बसे, जणू आतून जयसिंगच काही बोलणार होता.

कुशाबाचं आणि बहिरूचं शेत बांधाला बांध लागून. दोघांच्याही बापजाद्यांची चांगली जमीन धरणाच्या पाण्याखाली गेलेली, आणि आता डोंगराच्या कुशीला तीन-तीन खाचरं राहिलेली. पेरणी, आवणी, कापणी, सगळं दोन्ही घरं सावडीनं करीत. आधी एकाचं, मग दुसऱ्याचं. त्या वर्षी कुशाबाचं भात आधी पिकलं म्हणून ते आधी कापलं. बहिरू, गोजरा आणि तिची म्हातारी सासू धोंडाबाई, तिघंही विळे घेऊन कुशाबाच्या खाचरात राबली. बहिरूची छाती गिरणीतल्या कापसानं पोखरलेली होती. तो चार हात कापी, कमरेवर हात ठेवून उभा राही, खोके, थुंके आणि परत वाके. कुशाबा म्हणे, "बस की जरा." बहिरू म्हणे, "जयसिंग असता तर त्यानं दोन हातांनी कापलं असतं. त्याच्या वाटचं मी कापतोय." कुशाबाचं खळं भरलं. मग बहिरूच्या आंबेमोहोराची पाळी आली.

पहिल्या दिवशी सकाळी गोजरा वाटेकडच्या बांधावर पेंढ्या बांधायला गवताचे आळे वळत होती. वाटेनं सायकल ढकलत एक पोलीस आला. त्याच्या पायातल्या वहाणा धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. त्यानं टोपी काढून घाम पुसला आणि विचारलं, "काय गं बाई, या वाडीत कुणी कम्युनिस्ट आहे का?"

गोजराला तो शब्द जरा निराळा वाटला, पण ओळखू आला.

"कमनिष्ट? व्हय की. त्यो काय, फुडं कापतुया."

"नाव काय त्याचं?"

"बहिरू. पर गुरवाचा बहिरू न्हवं. तुमाला ह्योच पायजेल आसंल."

"तुझा कोण लागतो?"

"मालक माजा," ती म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

पोलिसानं सायकल बांधाला टेकवली. त्यानं बहिरूशी काय बोलणं केलं ते तिला ऐकू आलं नाही. बहिरूनं विळा पेंढीवर ठेवला, हात धोतराला पुसले आणि तो वर आला. "इचारपूस करायची म्हनत्यात," तो म्हणाला. "सांजंला येतो. तू आन् आई मधलं खाचर घ्या. कुशाबा येतोयच." पोलीस सायकल ढकलत पुढं आणि बहिरू खोकत मागं, असे ते दोघं वळणाआड गेले. गोजरा परत आळे वळायला बसली. संध्याकाळी त्याच्यासाठी तिनं चुलीपाशी कढत पाणी ठेवलं. ते तसंच गार झालं.

त्या दिवशी कुशाबा आला नाही. दुसरा दिवस उजाडला. गोजरा उन्हं वर यायच्या आत त्याच्या घरी गेली. ओटीवर कुशाबाची बायको रंभाबाई भात वारवत होती. त्या भातातलं कितीतरी गोजराच्या हातानं कापलेलं होतं. रंभाबाईनं सूप खाली ठेवलं नाही आणि बस म्हटलं नाही.

"भावजी कुटं हायेत?" गोजरानं विचारलं.

"हायेत घरात."

"कालच्यापासनं वाट बघतुया. भात गळाय लागलंय, बाई. वारं सुटलं की दाणा भुईवर. ह्यांस्नी ठाण्यावर न्हेलंय, आजून सोडलं न्हाई."

"कळलं."

कुशाबा दारात आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. तो गोजराकडं न बघता उंबऱ्याकडं बघत बोलला. "गोजरा, मी न्हाई येनार."

"सावड हाय, भावजी. तुमचं झालंय."

"तुजी मजुरी काय आसंल ती घे भातानं. रंभे, हिला पायली दे."

"मजुरी मागाय आले न्हाई मी. मानूस मागाय आले."

"परवा रेडिओवर सांगितलं. ह्ये जे कमनिष्ट हायेत ना, ह्ये चिन्याचे. हितं बसून तिकडची वाट बघनारे. माजं पोरगं तितं बर्फात हाय का मातीत हाय मला ठावं न्हाई. आन् मी हितं त्यांचं भात कापू?"

"आवं, त्यांनी तुमचं कापलं."

"तवा मला ठावं नव्हतं."

"काय ठावं नव्हतं? तीन वरसं तुमीच हाक मारताय की त्या नावानं."

कुशाबानं उंबऱ्यावरनं पाय मागं घेतला. मग म्हणाला, "नावाचा आर्थ ठावं नव्हता," आणि आत गेला. रंभाबाईनं पायलीभर भात गोजरापुढं ओतायला घेतलं. गोजरा तशीच पायऱ्या उतरली. मागं दाणे सुपात परत पडल्याचा आवाज आला.

ती दोन दिवस सासूला घेऊन कापत राहिली. धोंडाबाईला वाकता येत नव्हतं. ती गुडघ्यांवर रांगत कापी, एका मुठीत मावेल तेवढंच. तिचं लुगडं गुडघ्यांपाशी चिखलानं आणि पातीच्या हिरव्या रसानं कडक झालं. गोजराच्या बोटांवर पातीनं कापलेल्या रेघा पडल्या. घाम लागला की त्या चरचरत. पिकलेल्या भाताला विळ्याचा धक्का बसला की लोंबीतून दाणे खळकन सुटत आणि चिखलात रुतत. ते वेचता येत नव्हते. एक खाचर अर्धंमुर्धं झालं. बाकीचं पिवळं जर्द उभं होतं, आणि रानडुकरं एका कोपऱ्यात लोळून गेली होती. माहेरी तिचा भाऊ होता, पण त्याचंही भात याच दिवसांत उभं असणार. कोण कुणाला बोलावणार?

वाडीतली माणसं बांधावरून जात. गेल्या साली दोन शब्द बोलून जात. आता मान वळवून जात. एकदा गुरवाचा बहिरू वाटेवर थांबला. त्याला वाटलं असावं, काहीतरी बोलावं. "वैनी," तो म्हणाला, "मला बी इचारलं त्यांनी. म्हनलं, मी त्यो न्हाई." आणि लगबगीनं निघून गेला.

तिसऱ्या दिवशी ती चावडीवर गेली. पोलीस पाटील गेणबा पायऱ्यांवर पान लावत बसला होता. आणखी दोघं-तिघं होते. गोजरा खाली, चपला काढून ठेवतात तिथं उभी राहिली.

"पाटील, तुमी ठाण्यावर येऊन एक शबूद टाका. त्यो काय त्यातला न्हाई. नुस्तं नाव पडलंय."

गेणबा वाईट माणूस नव्हता. त्यानं सुपारी कातरत तिच्याकडं पाहिलं. "गोजरा, मला बी कागद आलाय. गावात कोन हाय त्ये कळवा म्हून. मी काय कळवलं न्हाई. पर तूच सांगितलंस म्हनत्यात."

पायरीवरचे सगळे तिच्याकडं बघू लागले.

"मी कुटं काय सांगितलं? त्यानं इचारलं, कमनिष्ट कुटं हाय. मी म्हनलं, ह्यो काय."

"मग झालं तर."

"नाव इचारल्यावर सांगू नगं?"

गेणबानं पान तोंडात घातलं. एका गालात सारलं. "तुला त्याचा आर्थ ठावं हाय का? मी मास्तरला इचारला परवा. कम म्हंजी कमी. निष्ट म्हंजी निष्ठा, इमान. ज्याचं इमान कमी, त्यो कमनिष्ट. मास्तर हसत हसत म्हनाला, पर बरूबर बसतंय का न्हाई बघ. देशाशी इमान कमी. आता आसल्या मानसासाठी मी ठाण्यावर जाऊन काय सांगू? हाय म्हनू का न्हाई म्हनू?"

"न्हाई म्हना."

"आन् समदं गाव हाय म्हनतंय तर मी खोटा पडनार."

गोजरा थोडा वेळ तिथंच उभी राहिली. रेडिओ अजून लागला नव्हता. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि ती परत फिरली. वाटेभर तिच्या डोक्यात तेच चाललं होतं. कमी इमानाचा. ज्यानं खोकत खोकत दुसऱ्याचं खाचर आधी कापलं तो कमी इमानाचा. मग पुरं इमान कुणाचं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं भाकऱ्या थापल्या, मिरचीचा ठेचा फडक्यात बांधला आणि धोंडाबाईला म्हणाली, "आत्याबाई, तुमी डुकरांकडं बघा. मी जाऊन येते." तालुक्याच्या गावापर्यंत वाट धरणाच्या कडेकडेनं जाई. पाण्यावर धुकं होतं. आभाळात पश्चिमेकडं ढगांचा काळसर पट्टा धरला होता. कार्तिकात ढग. ती पावलं उचलू लागली.

ठाणं म्हणजे कौलारू घर आणि पुढं व्हरांडा. बहिरू आत गजांच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. तिथल्या पोलिसानं तिला गजांपर्यंत जाऊ दिलं. बहिरूचा चेहरा मातकट झाला होता. गाल बसले होते. त्याला मारलेलं दिसत नव्हतं, पण त्याच्या श्वासाचा आवाज दारापासूनच ऐकू येत होता.

"किती कापलं?" त्यानं पहिलं तेच विचारलं.

"मधलं खाचर. निम्मं."

"कुशाबा?"

तिनं मान हलवली. भाकरीचा तुकडा मोडून त्यानं तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिला.

"तुमाला काय इचारत्यात?" ती म्हणाली.

"एकच. म्हनत्यात, लिहून दे. मी कमनिष्ट न्हाई, कदी नव्हतो, त्या लोकांचा आन् माजा संबंद न्हाई. आंगठा कर आन् जा."

गोजराचा जीव एकदम हलका झाला. "एवडंच? मग करा की."

बहिरू भाकरीकडं बघत राहिला.

"आवं, करा की. तिकडं भात गळतंय. आभाळ आलंय. आत्याबाई रांगत कापत्यात, त्यांचं गुडघं सोलून निघाल्यात. कागदावर आंगठा केला तर तुमचं काय जातंय? मास्तर म्हनतो त्याचा आर्थ कमी इमानाचा आसा हाय. आसलं नाव कशाला धरून बसता?"

बहिरू हसला आणि त्या हसण्याचाच खोकला झाला. तो थांबेपर्यंत तिनं गज धरून ठेवले.

"मास्तर कदी गिरनीत गेलाय का?" तो म्हणाला. "हे बघ, मला लई काय समजत न्हाई. रशिया न्हाई, चीन न्हाई. त्यांनी पुस्तकं दिली, मी वाचली न्हाईत. वाचता कुटं येतंय? माजा हात साच्यात आडकला व्हता त्या दिशी. तुला सांगितलंय ना? बाजूच्या देवूनं त्याचा साचा बंद केला. मग त्याच्या पलीकडच्यानं. मग समदी लाइन. मुकादम शिव्या देत व्हता, पगार कापीन म्हनत व्हता. कुनी हलला न्हाई. माजा हात सुटस्तवर समदं खातं गप उभं. त्यास्नी लोकं कमनिष्ट म्हनायची. मग मी बी म्हनलं, मी त्योच. मला त्याचा एवडाच आर्थ ठावं हाय."

"मग देवूला काय कळनार हाय, तुमी हितं आंगठा केला म्हून?"

"त्याला न्हाई कळनार."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला. "मला कळंल की."

ती गजांना कपाळ टेकून उभी राहिली. तिला त्याचा राग आला. तीन वर्षांत आला नव्हता एवढा आला. औषध आणायला पायपीट करताना, त्याची थुंकी राखेत झाकताना, एकटीनं चिखलणी करताना आला नव्हता. "घरात दोन बाया हायेत," ती म्हणाली, "त्यांच्याशी इमान कुटं गेलं?" त्यानं मान खाली घातली आणि उरलेली भाकरी फडक्यात परत बांधून गजांमधून तिच्या हातात दिली. "आईला ने," तो म्हणाला.

जमादारानं तिला आत बोलावलं. तो वयस्क माणूस होता, नाकाला सर्दी झालेली, गळ्याभोवती मफलर. पुढ्यात चहाचा कप गार झालेला. त्यानं तिला खाली बसायला सांगितलं.

"समजावलंस का नवऱ्याला?"

"साहेब, त्यो अडानी हाय. आजारी हाय. त्याचं काय मनावर घेऊ नगा. सोडा त्याला."

"मी सोडीन गं. मला काय हौस आहे? रात्रभर खोकतो, आम्हाला झोप नाही. पण वरून विचारणा आली, माणूस सापडला, आता नुसता कसा सोडू? काहीतरी सांगायला नको का?" त्यानं रुमालानं नाक पुसलं. "मला सांग. हा शेतकऱ्याचा पोर. हा आपणहून कशाला असल्या नादाला लागेल? कुणी लावलं त्याला?"

बाहेर वारा सुटला होता. खिडकीची फळी आपटत होती. गोजराला खाचर दिसत होतं. उभं भात एका अंगाला झुकलेलं, आणि दाणे, दाणे, दाणे.

"नाद त्याचा न्हाई, साहेब."

"मग कुणाचा?"

तिला कळत होतं. पुढं पुष्कळ वेळा तिनं स्वतःला सांगून पाहिलं की कळत नव्हतं, पण तिला कळत होतं.

"त्यो देवू," ती म्हणाली. "साच्यावर जोडीला व्हता. त्यानं न्हेलं ह्यांस्नी. ह्ये भोळं हायेत."

"कुठला देवू?"

तिनं सांगितलं. डोंगरापलीकडची वाडी सांगितली, गिरणी सांगितली. जत्रेला येतो तेही सांगितलं. बहिरू आजारी पडला तेव्हा याच देवूनं त्याला मोटारीतून उतरवून पाठीवर घेऊन वाडीपर्यंत आणलं होतं, ते सांगितलं नाही. जमादारानं पुन्हा काही विचारलं नाही. तो चहाचा कप उचलून बघत होता, त्यात माशी पडली होती.

ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. "साहेब, आमच्या वाडीचा एक पोरगा पलटनीत हाय. जयसिंग, कुशाबाचा. त्याचं काय कळलंय का हितं?"

"इथं कसं कळणार? ते मिलिटरीचं काम."

"त्याचा बाप लई हुरहुरतोय, म्हून इचारलं."

जमादारानं तिच्याकडं जरा वेळ पाहिलं. मग पोलिसाला हाक मारून म्हणाला, "सोड रे त्याला. हिच्याबरोबर जाऊ दे."

दोघं ठाण्याबाहेर पडली तेव्हा दुपार कलली होती. बहिरू भराभर चालायचा प्रयत्न करीत होता. गोजरानं त्याची घोंगडी घेतली. गाव मागं पडलं, धरणाचं पाणी डाव्या हाताला लागलं. ढग वर सरकले होते.

"आंगठा न करता कसं सोडलं?" बहिरूनं विचारलं.

"सोडलं म्हनं. आजारी हाय म्हून."

तो थोडा पुढं गेला. मग थांबला. "गोजरा."

"चला वो. पावसाच्या आत एक खाचर तरी हुईल."

"काय सांगितलंस?"

ती खाली बघू लागली. वाटेवर बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या, त्यात जुनं पाणी साठलेलं. तिला खोटं बोलता आलं असतं. पण दिवसभरात आधीच एकदा तिचं तोंड तिच्या हाताबाहेर गेलं होतं, आता तिच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

"देवूचं नाव सांगितलं," ती म्हणाली. "त्यानं नादाला लावलं म्हनलं."

बहिरू वाटेच्या कडेला दगडावर बसला. तो रागावेल, शिवी देईल, हात उगारील, याची ती वाट बघत राहिली. त्यातलं काही झालं नाही. तो पाण्याकडं बघत होता. पाण्याखाली कुठंतरी त्याच्या आज्याचं शेत होतं.

"त्याला तीन पोरं हायेत," तो म्हणाला. "नोकरी जाईल. पोलीस गिरनीत जाऊन उभं ऱ्हायलं की मुकादम दुसऱ्या दिशी काढतो."

"मग मी काय करायचं व्हतं? सांगा मला. काय करायचं व्हतं?"

"तुजं काय चुकलं न्हाई." तो उठला. तिच्या हातातली घोंगडी त्यानं घेतली आणि खांद्यावर टाकली. "तू व्हय फुडं. आईला म्हनावं, डुकरांच्या वाटंला काटी घाल."

"आन् तुमी?"

"मी जाऊन सांगतो. देवूनं न्हाई, मीच त्याला न्हेलं. मीच कमनिष्ट. लिहून घ्या म्हनतो. आंगठा करतो."

"आवं, त्ये मारतील तुमाला. जीव जाईल तितं."

"जाऊ दे गोजरा, आभाळ बघ. निघ तू."

ती त्याच्या हाताला लोंबकळली. पहिल्यांदाच, भर वाटेवर, डोक्यावर पदर नसताना. त्यानं तिची बोटं एक एक करून सोडवली, जपून, कारण त्यांवर कापल्याच्या रेघा होत्या. मग तो आल्या वाटेनं परत निघाला. चार पावलं चाले, थांबे, खोके, परत चाले. ती उभी राहून बघत होती. मागं जावं तर तिकडं भात, पुढं जावं तर इकडं हा. तो एकदाही वळला नाही. वळणाआड गेल्यावरही थोडा वेळ त्याचा खोकला येत राहिला. मग वाऱ्यात तोही येईना, तेव्हा ती वाडीकडं वळली आणि पळत सुटली.

खाचरात पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. धोंडाबाई कापलेल्या पेंढ्यांवर उभी राहून काठीनं पाखरं हाकत होती.

"सुटला का?" तिनं विचारलं.

"सुटला."

"मग कुटं हाय?"

"मागनं येतुया," गोजरा म्हणाली आणि विळा घेऊन वाकली. म्हातारी वाटेकडं तोंड करून बसली.

गोजरा कापत राहिली. मूठ, विळा, मूठ, विळा. पाठ भरून आली तरी ती उभी राहिली नाही, उभं राहिलं की वाट दिसे. पहिले थेंब पडले तेव्हा तिला बांधावर कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. कुशाबा होता. हातात काही नव्हतं.

"ठाण्यावर गेलतीस म्हनं," तो म्हणाला.

"व्हय."

"सोडलं त्याला?"

"सोडलं व्हतं. परत गेला."

"का?"

"माज्या तोंडून दुसऱ्या एका मानसाचं नाव गेलं. ते पुसाय गेला."

कुशाबाला ते नीट कळलं की नाही कोण जाणे. तो बांधावर पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग चाचरत म्हणाला, "तितं... आमच्या जयसिंगचं काय..."

"इचारलं मी. त्यास्नी ठावं न्हाई. मिलिटरीचं काम म्हनलं."

"तू इचारलंस?"

गोजरानं आभाळाकडं पाहिलं. पाऊस वाढला होता. कापून पसरलेलं भात भिजू लागलं होतं. ते भिजलं की चार दिवसांत शेतातच मोड फुटतात. ती विळा टाकून पेंढ्या गोळा करायला धावली. दोन हातांत मावतील तेवढ्या घेऊन वरच्या आंब्याखाली टाकायच्या, परत खाली यायचं. तिसऱ्या खेपेला पाय घसरून ती गुडघ्यावर पडली. उठली तेव्हा पेंढ्यांचा एक मोठा भारा बांधावरून वर जाताना दिसला. खाली कुशाबाचे पाय होते.

दोघांनी मिळून खेपा घातल्या. धोंडाबाई आंब्याखाली बसून पेंढ्या उलट्यासुलट्या रचत होती. सगळं आलं नाही. निम्म्याहून जास्त उभं होतं ते पावसानं झोपवलं, ते त्या वर्षी तसंच उगवून गेलं. बहिरूला आणखी कुठल्या तरी मोठ्या तुरुंगात नेल्याचं आठ दिवसांनी कळायचं होतं. देवूला कुणी हात लावला नाही, हे कळायला शिमगा उजाडायचा होता.

शेवटची खेप टाकून कुशाबा उभा राहिला. डोक्यावरून पाणी निथळत होतं. वाटेवर कुणी नव्हतं, तरी त्यानं दोन्हीकडं पाहिलं.

"गोजरा," तो हलकेच म्हणाला. "मी आलतो, ह्ये गावात सांगू नगं."

गोजरा पेंढ्यांवर सासूची घोंगडी ओढत होती. "न्हाई सांगत," ती म्हणाली. "कुनाचंच सांगत न्हाई आता."

कुशाबा गेला. पावसात तिनं सासूला हाताला धरून उठवलं. म्हातारी उठेना. तिचं तोंड अजून वाटेकडंच होतं.